पगडीचं दुसरं टोक

ज्यांनी पगडी फक्त लोकांच्या डोक्यावर पाहिली आहे, त्यांना ती बांधायला दोन माणसं लागतात हे ठाऊक नसतं. एकजण बांधतो, त्याचं नाव होतं. दुसरा कापडाचं टोक धरून लांब बसतो, त्याला कोणी विचारत नाही. कापड अरुंद आणि लांबच लांब असतं. ते खळीत भिजवायचं, ओलसर राहील इतपत सुकू द्यायचं आणि मग पीळ देत देत लाकडी ठोकळ्यावर वेढे बसवत जायचं. पीळ सारखा पडायचा तर कापड ताणलेलं हवं, म्हणून ते दुसरं माणूस. आणि एकदा पहिला वेढा घातला, की शेवटचा बसेपर्यंत उठायचं नाही. खळ वाळते. मधे उठलात तर तिथे घडी पडते. ती घडी मग कशानेही जात नाही, आणि ज्याच्या कपाळावर ती येते त्या माणसाचं आयुष्यभर आपल्याबद्दल वाईट मत होतं.

न उठता बसणं हे आमच्या घराण्याचं काम होतं आणि मला तेवढंच जमत नव्हतं.

आम्ही मूळचे देशावरचे. पवारांच्या फौजांबरोबर आमचे पूर्वज माळव्यात आले. लढायला नव्हे, लढणाऱ्यांच्या डोक्याला शोभा आणायला. आजोबा धारला होते, आबा देवासला आले. आमच्या जातीतले निम्मे लोक पगड्या बांधत आणि निम्मे कापड रंगवत, आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या कामाला नावं ठेवत. आई मी लहान असतानाच गेली. घरात आबा आणि मी. मोठी बहीण, जिला मी आक्का म्हणायचो, ती धारला दिलेली.

माझं डोकं गप्प बसत नसे. पगडीचा दुसरा वेढा घालताना मला वाटे, आत थोडी पोकळी ठेवली तर उन्हाळ्यात वारा खेळेल. तिसऱ्या वेढ्याला त्या पोकळीवरून बासरी आठवे. बासरीवरून वाऱ्याने आपोआप वाजणारं बुजगावणं सुचे, आणि चौथा वेढा घालायच्या आत मी परसात मडकं फोडत बसलेलो असे. बुजगावणं वाजलं, अगदी खरं सांगतो. शेजारच्या म्हशी त्या आवाजाने दोन दिवस पान्हावल्या नाहीत. तोवर आत ठोकळ्यावर पगडी वाळून कडक झालेली. असल्या अर्धवट पगड्यांची रांगच आमच्या फळीवर होती. आबा त्यांना माझी पोरं म्हणत.

"तुझं डोकं म्हणजे हाटाचा दिवस," आबा म्हणायचे. "सगळे ओरडून राहिलेत आणि विकत कुणी काही घेत नाही."

त्यांनी उपाय कमी केले नाहीत. मला भिंतीकडे तोंड करून बसवलं, तर पोपडे निघालेल्या भिंतीत मला हत्ती दिसायला लागले आणि हत्तींच्या अंबारीची मापं मी मनात घ्यायला लागलो. कानात कापूस घातला, तर कापसाने बंद झालेल्या कानात काय ऐकू येतं याचाच मी विचार करत बसलो. शेवटी त्यांनी माझ्या पायाचा अंगठा सुतळीने पाटाला बांधला. ती गाठ दुसऱ्या पायाच्या बोटांनी कशी सोडावी हे मी शोधून काढलं, आणि ती युक्ती इतकी छान होती की आबांना बोलावून दाखवली. आबा हसले नाहीत. त्यांचा राग मला आता कळतो. तेव्हा मला ते अरसिक वाटायचे.

मग तो दसरा आला.

देवास तेव्हा एका गावात दोन संस्थानं. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजवाडे, दोन दरबार, रस्त्याच्या या बाजूला एकाचं राज्य आणि त्या बाजूला दुसऱ्याचं. आम्ही दोन्हीकडची कामं करायचो. आमच्या दुकानाचा एक दंडक होता: थोरल्या पातीच्या मानकऱ्यांच्या पगडीचा शेवटचा पीळ उजवीकडे वळवायचा, धाकट्या पातीच्या डावीकडे. बाहेरच्या माणसाला यातलं काही दिसणार नाही. देवासातल्या माणसाला मात्र ते लांबून दिसे. थोरल्या पातीच्या एका वृद्ध मानकऱ्याची पगडी मी बांधत होतो आणि मनात पतंगाच्या शेपटीचा विचार चालला होता. पतंग कोलांटी खातो तो शेपटी हलकी म्हणून की लांब म्हणून. पगडी झाली, चांगली झाली, आबांचे डोळे अधू झालेले, त्यांनी हात फिरवून ठीक म्हटलं. आणि शिलंगणाला निघालेल्या त्या मानकऱ्याच्या डोक्यावर सगळ्या गावाला धाकट्या पातीचा पीळ दिसला.

लोक हसले. म्हाताऱ्याला ते का हसताहेत ते घरी पोचेपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आबांना बोलावणं आलं. मी बरोबर गेलो होतो. आबांनी स्वतःच्या डोक्यावरची पगडी काढून त्या मानकऱ्याच्या पायाशी ठेवली आणि बोडक्या डोक्याने उभे राहिले. आमच्या धंद्यातल्या माणसाचं बोडकं डोकं मी तोवर घराबाहेर पाहिलं नव्हतं. म्हातारा भला होता, त्याने पगडी उचलून परत आबांच्या हातात दिली. मला फार लाज वाटली, आणि हेही सांगून टाकतो, की लाज वाटत असतानाही त्या वाड्याच्या दाराच्या बिजागऱ्या कशा बसवल्या आहेत हे मी पाहून घेतलं होतं.

त्याच हिवाळ्यात आक्का परत आली. धारला पलेगाची साथ होती. तिचा नवरा गेला. सासरच्यांनी तिचे दागिने ठेवून घेतले आणि तिला टांग्यात बसवून पाठवून दिलं. ती तशी तरणीच होती. मूलबाळ नव्हतं. आल्यावर थोडे दिवस ती नुसती चुलीपुढे बसून राहायची. तोवर कापडाचं टोक आबाच धरत, पण त्यांचे हात कापायला लागले होते आणि ताण टिकत नव्हता. एका सकाळी आबा म्हणाले, "पोरी, जरा हे धर." तिने पदर खोचला आणि टोक धरून माझ्यासमोर ओसरीच्या दुसऱ्या कडेला बसली.

तेव्हापासून आमचं दुकान चालायला लागलं.

झालं असं, की माझं मन कामावरून सुटलं की माझ्या बोटांतला पीळ ढिला पडे आणि ते ढिलेपण कापडातून तिच्या हातापर्यंत जाई. मला कळायच्या आधी तिला कळे. ती बोलत नसे, रागावत नसे, टोकाला हलकासा हिसका देई. मी परत येई. कुठून परत आलो हेही ती कधी विचारत नसे. विचारलं असतं तर मी सांगत बसलो असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काम झाल्यावर मात्र विचारी. "आज फार लांब गेला होतास. कुठे रे?" मग मी सांगायचो आणि ती हसायची. आक्का हसली की नाकावर आठ्या पडत. सासरहून आल्यावर ती पहिल्यांदा हसली ती माझ्या उडत्या दिव्याच्या बेतावर.

तिनेच मला आणखी एक गोष्ट शिकवली. "सुचलं की ते दाबू नको," ती म्हणाली. "दाबलं की जास्तच वळवळतं. कोळशाने भिंतीवर चितार आणि परत ये." माझ्या उजव्या हाताला एक भिंत होती. काही सुचलं की मी डाव्या हाताने पीळ धरून ठेवायचो, उजव्याने दोन रेघा ओढायचो आणि परत यायचो. थोड्याच दिवसांत भिंत काळी झाली. गिऱ्हाइकं पगडीपेक्षा भिंतच जास्त पाहू लागली. एक माळवी पाटील तर म्हणाला, "भिया, यो मांडणो कुणी काढ्यो?" त्यातल्या बहुतेक बेतांचं पुढे काही झालं नाही. काम मात्र झालं. पगडीमागून पगडी बांधून होऊ लागली. आबांनी फळीवरची माझी सगळी अर्धवट पोरं उचलून चुलीत घातली.

लोक म्हणू लागले, पोराचा हात बसला. मीही तसंच समजायला लागलो.

मग धारहून बोलावणं आलं. तिथल्या एका मोठ्या घरी लग्न होतं, वऱ्हाडातल्या सगळ्या पुरुषांच्या पगड्या तिथेच बसून बांधायच्या होत्या. मी हरखलो. आक्का म्हणाली, "मी नाही येत धारला. तू आबांना घेऊन जा." मला राग आला. आबांच्या हाताने काय ताण बसणार, असं म्हणालो. एवढं मोठं काम आणि तुझी नाटकं, असंही म्हणालो. ती आली. ज्या घरी आम्ही उतरलो ते तिच्या सासरच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं, हे मला गेल्यावर कळलं. तिने आधीच ओळखलं असणार. सगळे दिवस ती त्या ओसरीवर रस्त्याकडे पाठ करून बसली. पदर डोक्यावरून इतका पुढे ओढलेला, की मला तिचं तोंड दिसत नव्हतं. एकदा रस्त्यावरून एक बाई मोठ्याने म्हणाली, ही बघा, आता भावाची दोरी धरून बसते. टोक तसंच ताणलेलं राहिलं. मी त्या बाईला काही बोललो नाही. माझ्या हातात अर्धी पगडी होती आणि मधे उठायचं नसतं, हे कारण मी स्वतःला दिलं. चांगलं कारण होतं. असली कारणं मला नेहमी तयार मिळत.

आम्हाला रंगीत कापड हाटपिपल्याच्या एका रंगाऱ्याकडून येई. आमच्याच जातीचा, बायको वारलेली, एक लहान मुलगी. अंगाने आडवा, बोलायला हळू. त्याच्या नखांतला रंग कधी गेलेला मी पाहिला नाही. त्यामुळे जेवताना तो हात पाठीमागे लपवायचा आणि मग जेवायची पंचाईत व्हायची, कारण जेवायचाही हात तोच. आक्काला याचं हसू येई. तो यायचा, गठ्ठा उतरवायचा, पाणी प्यायचा आणि आम्ही बांधत असू तर एका बाजूला बसून बघत राहायचा.

खळीच्या कापडाने आक्काची बोटं चिरायची. मला ते दिसत होतं. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं. रंगाऱ्याने पुढच्या खेपेला एक वीतभर काठी आणली. तिला मऊ चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि मधे खाच केली होती. "बाई, टोक याले गुंडाळून धरो," तो म्हणाला, "बोटं वाचतील." आक्काने काठी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. नाकावर आठ्या पडल्या. मी ती काठी पाहिली आणि मला हेवा वाटला, की इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही. बोटं कुणाची वाचणार याचा विचार मनात आला नाही. नंतर मी भिंतीवर त्याहून चांगली, फिरती मूठ असलेली काठी चितारली. ती मी कधी केली नाही.

एका खेपेला त्याने आबांना बाजूला घेतलं. आमच्यात विधवेचा पाट लागतो. इकडचे लोक त्याला नातरा म्हणतात. त्यात लपवण्यासारखं काही नसतं आणि मिरवण्यासारखंही नसतं. दोन घरांनी हो म्हणायचं आणि मुलगी नव्या घरी जायची. रंगारी तेवढंच विचारत होता. आक्काला विचारलं आहे का, असं आबांनी विचारल्यावर तो म्हणाला, "त्या हसतात. मना नाही केलं."

तो गेल्यावर आबांनी मला जवळ बसवलं. आक्का आत जात्यावर होती.

"माणूस चांगला आहे," आबा म्हणाले. "माझं म्हणशील तर मी आजच हो म्हणतो. पण तुझं काम तिच्यावर चालतं. घर त्यावर चालतं. माझे हात हे असे. तेव्हा तू सांग."

आतलं जातं थांबलं होतं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्ट लिहितो. मला भीती वाटली. आक्का गेली की मी पुन्हा पहिल्यासारखा होईन, फळीवर पुन्हा अर्धवट पगड्या वाळतील, आणि आबा पुन्हा कुणाच्या तरी दारात बोडक्या डोक्याने उभे राहतील. आबांचं नाव मी पुढे केलं, पण भीती माझी होती. लोक मला हुशार म्हणू लागले होते. ते मला फार आवडायला लागलं होतं.

"दसरा होऊ दे," मी म्हणालो. "दसऱ्याची कामं उरकली की बघू."

यात कुणालाही वावगं दिसलं नसतं. दसरा हा आमचा सुगीचा हंगाम. आबांनी मान हलवली. जातं पुन्हा सुरू झालं, पण जरा वेळाने.

दसरा झाला. मग लग्नसराई आली. रंगारी कापड घेऊन आला की जाताना दारात थांबायचा. "भिया, मग कसं करायचं?" मी म्हणायचो, "बस, एवढी लग्नसराई सरू द्या." लग्नसराई सरली तर पावसाळा लागला, चातुर्मासात कुठे ही कामं करतात. चातुर्मास संपायच्या आधी पुन्हा दसरा. माझ्याजवळ पंचांगातला प्रत्येक महिना कामी येत होता. रंगाऱ्याने कधी आवाज चढवला नाही. "सोचून सांगा," एवढंच म्हणायचा. कधीकधी त्याची मुलगी बरोबर यायची आणि आक्काच्या मांडीवर बसून टोक धरायला मदत करायची. मग पीळ बिघडायचा आणि मी ओरडायचो.

आक्काने मला या विषयात एकच गोष्ट विचारली. टेकडीवर देवीला गेलो होतो. उतरताना ती एका पायरीवर बसली. खाली दोन्ही राजवाडे दिसत होते.

"तू एकटा बसू शकशील का रे?" तिने विचारलं.

तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं. आणि मला हेही कळलं, की मी हो म्हणालो तर ती जाईल, आणि नाही म्हणालो तर ती पुन्हा कधी विचारणार नाही.

"नाही गं आक्का," मी म्हणालो. "तू नसलीस तर माझ्याच्याने एक पगडी होणार नाही."

मी हे लाडात येऊन म्हणालो. तिला बरं वाटेल असा आव आणून म्हणालो. ती म्हणाली, "बरं." मग उठून चालायला लागली. वाटेत तिने मला फुटाणे घेऊन दिले, लहानपणी द्यायची तसे, आणि मी ते खाल्ले.

त्या वर्षी माझं काम पूर्वी कधी झालं नव्हतं इतकं झालं. सरदारपुराकडून माणसं यायची. दोन्ही पात्यांचे लोक माझ्या ओसरीवर शेजारी शेजारी बसून वाट बघायचे, जे एरवी एकमेकांच्या बाजूला पाय ठेवत नसत. मला कोणी विचारलं, इतकं मन लावून कसं काम करता, तर मी त्याला सल्लाही द्यायचो. सकाळी लवकर बसावं. जे सुचेल ते भिंतीवर टाकून मोकळं व्हावं. हातातलं संपल्याशिवाय उठू नये. समोर टोक धरून बसलेल्या बाईबद्दल मी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

रंगारी त्या पौषात आला तेव्हा त्याच्या गठ्ठ्यात एक कापड वेगळं बांधलेलं होतं. कुसुंबी, त्याने स्वतः रंगवलेलं. त्याने ते माझ्यापुढे ठेवलं आणि नखं लपवत उभा राहिला.

"माझीच बांधायची," तो म्हणाला. "टोंकखुर्दची मुलगी ठरली. पोरीले आई पाहिजे भिया. किती थांबणार."

मी काहीतरी म्हणालो, छान झालं की असंच काही. त्याने डोक्याचं माप दिलं. "मी बाजारात जाऊन येतो," म्हणाला. मला वाटलं आक्का आतच राहील, आणि तसं झालं असतं तर मी आबांना टोक धरायला लावलं असतं, वाईट पगडी बांधली असती आणि ते एका परीने बरं झालं असतं. पण ती आली. हात पुसले, नेहमीच्या जागी बसली, टोक त्या चिंध्यांच्या काठीला गुंडाळलं. "खळ सुकेल," म्हणाली. "कर सुरू."

मी सुरू केलं. आणि त्या दिवशी माझं मन एकदाही हललं नाही. भिंत तिथेच होती, रस्त्यावर बैलगाडीची चाकं करकरत होती, कोपऱ्यावर कुणी माकड नाचवत होतं. मला काही सुचलं नाही. माझे डोळे कापडावर होते, कारण ते वर उचलायची मला हिंमत नव्हती. वेढ्यावर वेढा बसत गेला. पीळ इतका सारखा पडला की आबांनी नंतर हात फिरवला तेव्हा त्यांना जोड सापडेना. आयुष्यात मी बांधलेली सर्वांत चांगली पगडी ती. आक्काने एकदाही हिसका दिला नाही. गरजच पडली नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि तिच्याही लक्षात आलं असणार, कारण शेवटचा वेढा बसल्यावर तिने टोक सोडलं, काठीवरच्या चिंध्या नीट केल्या आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटावा पण नाव आठवू नये, तसं.

रंगाऱ्याने पगडी घातली. त्याला फार शोभली. तो आत पाहून, "येतो बाई," म्हणाला. आतून, "या," असा आवाज आला.

पुढे बरीच वर्षं आक्का आमच्याच घरी होती. माझं लग्न झालं, माझी मुलं तिने वाढवली, ती मुलं तिलाच आई म्हणत आणि माझ्या बायकोला नावाने हाक मारत. लोकांना ते गोड वाटे. तिनेही कधी तक्रार केली नाही. ते सगळं सांगण्यासारखं आहे, पण मला ते सांगवत नाही. मला त्या पगडीच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं आहे.

दुसऱ्या दिवशी मला तिच्या समोर बसवेना. समोर पाहिलं की ती, खाली पाहिलं की तिच्यापर्यंत गेलेलं कापड. ती नदीवर धुणं घेऊन गेली तेव्हा मी सुताराकडून एक जाड शिसवी खुंटी आणली आणि तिच्या जागेच्या मागच्या भिंतीत ठोकली. टोक खुंटीला बांधलं, मागे सरून ताण घेतला. ताण आबांच्या हातापेक्षा चांगला बसला. आक्काच्याही हातापेक्षा, खरं सांगायचं तर. खुंटी दमत नाही. मी एक पागोटं बांधून काढलं. मन आवरलं तेवढं जागेवर राहिलं. कधी गेलं, कधी आलं, पण पीळ सुटला नाही. आता मी ते एकट्याने करू शकत होतो. बहुधा बरेच दिवस करू शकत होतो.

आक्का धुणं घेऊन आली आणि ओसरीच्या पायरीवर थांबली. बादली खाली ठेवली. खुंटीपाशी गेली. बांधलेल्या टोकावरून तिने बोट फिरवलं, खुंटी हलवून पाहिली. पक्की होती.

"आता तुला बसायला नको," मी म्हणालो. "तुझी बोटं किती चिरायची."

"चांगली आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुला दिवसभर काही ना काही सुचत असतं. हे आधी नाही रे सुचलं?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि धुणं वाळत घालायला परसात गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला असं मला वाटतं. ठेवला असावा अशी माझी इच्छा आहे.

ते खोटं होतं. रंगारी पहिल्यांदा आबांशी बोलून गेला, त्याच दुपारी मी बाजारात एका दोर वळणाऱ्यापाशी उभा होतो. त्याने दोराचं टोक जमिनीत रोवलेल्या खुंटीला बांधलं होतं आणि तो एकटाच पीळ देत मागे मागे सरत होता. मी पाहिलं आणि मला सगळं समजलं. भिंत कुठली, खुंटी केवढी, उंची किती, सगळं. मनात आलेल्या प्रत्येक खुळामागे मी हातातलं काम टाकून धावलो आहे. मडकी फोडली, सुतळ्या जाळल्या, भिंती काळ्या केल्या. ही एकच गोष्ट अशी सुचली, की जिला मी हात लावला नाही. मी घरी आलो, हातपाय धुतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काला हाक मारली. ती येऊन टोक धरून बसली.